मोरतळीचं तिकीट

बेलदऱ्याचं स्टेशन बंद पडून पंधरा वर्षं झाली, पण गावात कुणी ते बंद पडलं असं म्हणत नाही. 'आमचं स्टेशन पाडलं' असं म्हणतात, जणू कुणी रातोरात येऊन भिंती पाडून गेलं. भिंती तर जागेवरच आहेत. एक खोली, पुढं पत्र्याचं छप्पर, तिकिटाची अर्धगोल खिडकी. फलाटाच्या टोकाला पिवळी पाटी आहे. तिच्यावरचं नाव मराठीत पुसलंय, हिंदीत पुसलंय, फक्त इंग्रजीत शाबूत आहे. त्यामुळे आपण कुठं उभे आहोत हे गावातल्या म्हाताऱ्यांना आता पाटी बघून कळत नाही. सुदैवानं त्यांना ते आधीच माहीत असतं.

यंदा ग्रामपंचायतीनं ती खोली रेल्वेकडून भाड्यानं घेतली. तिथं स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी अभ्यासिका काढायची ठरली. उद्घाटन सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झाल्यावर. सरपंच बबिताताई स्वतः भुजंग गुरुजींच्या घरी आल्या.

"गुरुजी, दाराशेजारी काळा दगड बसवायचाय. त्याच्यावर स्टेशनचा इतिहास पायजे. शंभर शब्द. तुमच्याबिगर कोन लिव्हणार?"

गुरुजी हो म्हणाले. त्यांना नाही म्हणता येत नसे. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, पण मोठी माणसं समोर बसली की त्यांचा आवाज खाली जाई. दुकानात भाव विचारायचा तरी ते वाटेत वाक्य घोळवून ठेवत. पारावर कुणी एखादं साल चुकीचं सांगितलं, की ते हळूच दुरुस्त करत आणि मग उगाच बोललो म्हणून दिवसभर खंत करत. त्यांचं खरं राहणं पुस्तकांत होतं. शंभर शब्द लिहायला त्यांना तीन आठवडे पुरले नाहीत. अकरा कच्चे मसुदे झाले. बाराव्याला ते अडले, कारण स्टेशन नेमकं कोणत्या तारखेला बंद झालं ते सापडेना. म्हणून त्यांनी माहितीच्या अधिकारात रेल्वेला अर्ज पाठवला. एवढीशी तारीख त्यांनी सोडून दिली असती, तर पुढचं काही झालंच नसतं.

बाकी इतिहास गावाला पाठ होता. चाकूरच्या पुढं निघणारा हा फाटा निजामाच्या अमलात पडला. बेलदऱ्यानं रुळांना फुकट जमीन दिली आणि बदल्यात गाडी थांबवून मागितली. गावातल्या दोन पिढ्या त्या गाडीवर जेवल्या, म्हणजे तिची शिट्टी ऐकून ताटं वाढली जात. नवऱ्या तिनं आल्या. गुरुजींची पुस्तकांची पहिली पेटी लातूरहून तिनंच आली. मग जिपा आल्या. जीप दारात येते, हात केला की थांबते, आणि तुमचा चहा राहिला असेल तर तोवर खोळंबते. गाडीला एवढी माणुसकी नव्हती. गावाचं स्टेशनवर प्रेम होतं, गाडीत मात्र कुणी बसत नव्हतं. पाव्हणे आले की त्यांना मुद्दाम स्टेशन दाखवायला नेत, जिपेत घालून.

दोन हजार दहा साली रेल्वेचं पत्र आलं. तीन महिने पाहणी होईल, रोज किमान पंचवीस तिकिटं खपली नाहीत तर थांबा बंद. मारुतीच्या देवळात सभा भरली. आंदोलन करू म्हणणारे होते, रुळावर झोपू म्हणणारे होते. कोण आधी झोपणार यावर तकरार सुरू झाली. तेव्हा मागं बसलेल्या गुरुजींनी शाळेतल्या पोरासारखं बोट वर केलं.

"आपण... रोज पंचवीस घरांची पाळी लावली तर? ज्याची पाळी, त्यानं एक तिकीट काढायचं. त्यांना तिकिटंच मोजायची आहेत."

मग कुणीतरी विचारलं, "तिकीट कुठलं काढायचं?"

"सगळ्यात स्वस्त कुठलं?"

"मोरतळीचं."

मोरतळी म्हणजे लातूरच्या उलट्या बाजूचं पुढचं स्टेशन, चार किलोमीटर. ठरलं. गुरुजींनी मोठ्या कागदावर लाल-निळ्या शाईनं तक्ता आखला आणि तो देवळाच्या भिंतीला चिकटला. तीन महिने एक पाळी चुकली नाही. काढणीच्या दिवसांत नाही, लगीनघरात नाही. कुणाकडं मयत झाली तर शेजारी त्याचं तिकीट काढून मग खांदा द्यायला जाई. बेलदऱ्यानं एवढ्या शिस्तीनं दुसरं काही केल्याची इतिहासात नोंद नाही. लोक तिकीट काढत, खिशात घालत आणि रानात जात. गाडी येई, उभी राही, कुणी चढत नसे, शिट्टी मारून निघून जाई. तिकिटं विकणारा शरणप्पा एजंट खिडकीतून रोज ओरडून सांगे, "पंचवीस झाले हो!"

चौथ्या महिन्यात स्टेशन बंद झालं.

कारण गावाला त्याच संध्याकाळी सापडलं. मोरतळीचा चन्नबसप्पा. पाहणीला आलेल्या साहेबाला त्यानं चहा पाजताना दोघांनी बघितलं होतं. आपलं स्टेशन वाचवायला त्यानं बेलदऱ्याचं पाडलं, यात शंका उरली नाही. ग्रामसभेनं ठराव केला, की बेलदऱ्याचा माणूस मोरतळीच्या स्टेशनात चढणार नाही आणि मोरतळीच्या कार्यालाही जाणार नाही. ठराव लिहायला सगळ्यांत सुंदर अक्षर गुरुजींचं होतं. चन्नबसप्पा आणि ते चाकूरच्या हायस्कुलात एका बाकावर बसलेले. लिहिताना गुरुजींचं मन कचरलं, पण अक्षर वाकडं आलं नाही. त्या दिवसापासून गुरुजी गावात स्टेशनसाठी लढलेला माणूस झाले.

आता पंधरा वर्षांनी रेल्वेचं पाकीट आलं. तारीख होती. तिच्यासोबत, न मागितलेली, एका अधिकाऱ्याची टिपणी होती. ती हिंदीत होती. गुरुजींनी मनातल्या मनात मराठी करत वाचली.

'पाहणीच्या ब्याण्णव दिवसांत बेलदरा येथे रोज पंचवीस तिकिटे विकली गेली. सर्व तिकिटे मोरतळीची आहेत. यावरून बेलदरा येथील लोकांना मोरतळीखेरीज कोठेही जायचे नसते, असे दिसते. मोरतळी चार किलोमीटरवर असून रस्ता चांगला आहे. सबब स्वतंत्र थांब्याची गरज नाही.' खाली हातानं लिहिलेलं होतं, 'मोरतळीहून बेलदऱ्याचे परतीचे एकही तिकीट विकले गेलेले नाही. म्हणजे तेवीसशे माणसे गेली, परत कोणी आले नाही. गावाची लोकसंख्या अकराशे आहे. खुलासा मागवावा.' खुलासा कुणी मागवलेला दिसत नव्हता.

गुरुजींनी तीनदा वाचलं. चांगुणाबाई ओसरीवर तूर निवडत होत्या.

"काय आलं वो? पेन्शनीचं काय निघालं का?"

"नाही. स्टेशनचं." गुरुजी खाली बसले. "चांगुणा, स्टेशन मी बंद पाडलं."

"तुमी?" बाईंनी सुपातून मान वर केली नाही. "तुमच्यानं बोअरची मोटर बंद व्हत न्हाई."

गुरुजींनी टिपणी समजावून सांगितली. तेवीसशे माणसांपाशी बाईंना हसू आलं, पण ते त्यांनी पदरात दाबलं. मग त्यांचा हात थांबला.

"म्हंजे चन्नबसप्पाभावजींनी कायबी केलं न्हवतं?"

"नाही."

"त्यांच्या सुकन्याच्या लग्नाची पत्रिका आली व्हती. आपून परत धाडली. ती पोर माझ्या मांडीवर खेळलेली." बाईंनी सूप बाजूला ठेवलं. "आता दगडावर काय लिव्हणार?"

तेच तर गुरुजींना कळत नव्हतं. खरं लिहावं तर जन्मात एकदाच मिळालेला मान जाणार. खोटं लिहावं तर, पारावरच्या म्हाताऱ्यांची सालं दुरुस्त करणारे आपण, दगडात खोटं कोरणार. दगडाचा मजकूर त्यांनी पुढं ढकलला. आधी मोरतळी गाठायची ठरवली. माफीची तीन वाक्यं पाठ केली आणि रुळाच्या कडेकडेनं चालत निघाले.

चन्नबसप्पा मोरतळीच्या फलाटावर बाकावर बसला होता. केस पांढरे झाले होते, आवाज तोच.

"ये भुजंग्या! चार किलोमीटर यायला पंधरा साल लागले व्हय रे?"

गुरुजींनी पहिलं वाक्य सुरू केलं. "चन्नबसप्पा, मी तुझी माफी..."

"कशाची? बस. चहा घी."

"तुझ्यावर आळ आला. आमच्यामुळं."

"आळ?" चन्नबसप्पा मांडीवर थाप मारून हसला. "आरं, त्या आळावर मी दोनदा सरपंच झालो! बेलदऱ्याचं पाडून आपलं वाचवलं म्हनून गावानं मिरवणूक काढली. हारातून तोंड दिसंना माझं."

"पण तू काही केलंच नव्हतं ना?"

"त्या साहेबाला पोटाची तकलीफ व्हती. मी त्याला संडास दाखवला आन् चहा पाजला. दुसरं कायबी न्हाई. पण समदं गाव म्हनून राहिलंय तर मी एकटा कशाला न्हाई म्हनू? पुढं पुढं तर मलाबी वाटाया लागलं, केलंच आसंल आपून कायतरी."

गुरुजींचं दुसरं वाक्य राहूनच गेलं. चन्नबसप्पानं त्यांना तिकीटखिडकीकडं नेलं. "हे बघ. आता रेल्वेवाले आमच्यामागं लागलेत. तीच पाहणी, तेच पंचवीस तिकीट. मग म्हनलं, बेलदऱ्याची आयडिया हाय की."

भिंतीवर तक्ता होता. लाल-निळी शाई, डावीकडं समास सोडलेला. कुणीतरी त्यांचाच तक्ता आठवून काढला होता. वर ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'तिकीट : आंबेगाव.' बेलदरा गेल्यापासून लातूरच्या बाजूला पुढचं स्टेशन तेच.

"आंबेगावच का?" गुरुजींनी विचारलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं.

"सगळ्यात सस्तं. उगं खामखा लांबचं कशाला काढायचं? बसायचं तर न्हाईच."

गुरुजी खाली उंबऱ्यावर बसले आणि खिशातला कागद काढून त्यांनी चन्नबसप्पाच्या हातात दिला. चन्नबसप्पानं ओठ हलवत सावकाश वाचला. तेवीसशे माणसांना तो खदखदून हसला. मग त्याचं हसू एकदम विरलं.

"म्हंजे... मी न्हाई पाडलं?"

"नाही."

"बिलकुल न्हाई?" तो असा दुखावला होता की गुरुजींना त्याचीही माफी मागावीशी वाटली.

तक्त्यावर बोट फिरवत तो म्हणाला, "किती दिवस गेले आमचे? अठरा. आता काय करावं?"

"लातूरची तिकिटं काढा. आणि गाडीत बसा."

"बसायला मानसं कुठून आनू? तुझ्या गावची चाळीस-पन्नास पोरं-पोरी रोज लातूरला क्लासला जातेत, जिपेला लोंबकळत. ती हिकडं आली तर समदं भागतंय. पण बहिष्कार हाय न्हव का?" त्यानं गुरुजींकडं बघितलं. "त्यो ठराव कुनी लिव्हला रे? अक्षर लई सुंदर व्हतं म्हनत्यात."

गुरुजींनी तिसरं वाक्य म्हटलंच नाही. आता माफी एका माणसाची मागून भागणार नव्हती. सगळ्या गावासमोर बोलल्याशिवाय ठराव उठणार नव्हता, आणि ठराव उठल्याशिवाय दुसरं स्टेशनही त्यांच्याच युक्तीनं जाणार होतं. चार किलोमीटर परत येताना ते वाक्यं घोळवत होते. एकही पाठ होईना.

सतरा सप्टेंबरला झेंडावंदन झालं आणि सगळं गाव स्टेशनात जमलं. दगड पडद्याखाली झाकलेला होता. गुरुजी चपापले. मजकूर तर त्यांनी दिलाच नव्हता.

"तुमचा मजकूर येईना, आन् दगडवाला घाई करून राहिला," बबिताताई म्हणाल्या. "मग म्हनलं, इतिहास तर गावाला पाठ हाय."

पडदा सरला. त्यावर कोरलं होतं की हे स्टेशन शेजारच्या गावाच्या कारस्थानानं बंद पडलं आणि त्याविरुद्ध भुजंग गुरुजी यांनी एकाकी झुंज दिली. तारीखही चुकलेली होती. टाळ्या पडल्या. गुरुजींच्या गळ्यात हार आला आणि हातात माईक.

माईकनं आधी किंकाळी फोडली. गुरुजींनी तो लांब धरला, मग जवळ धरला. मग त्यांनी खिशातली रेल्वेची टिपणी काढून सगळी वाचून दाखवली. वाचून झाल्यावर म्हणाले, "मोरतळीची तिकिटं काढायची युक्ती माझी होती. स्टेशन तिच्यामुळं गेलं. चन्नबसप्पाचा यात काहीही दोष नाही. ठराव मी लिहिला, तोही चुकीचा होता. आता मोरतळीचं स्टेशनही जायच्या बेतात आहे."

गुरुजी मान खाली घालून उभे राहिले. कुणी धोंडा भिरकावला तरी चालेल असं त्यांना वाटत होतं.

मागून आवाज आला, "गुरुजी, सरकारी कागद हाय त्यो. सरकार कायबी लिव्हतंय."

"तर काय! साहेबाला चहा पाजलेला आमी डोळ्यानं बघितलाय."

बालाजी नावाचा एक जीपवाला उभा राहिला. "मला इचारा. गुरुजींचं मन मोठं हाय. दुश्मनाचा गुन्हाबी आपल्या अंगावर घ्यायलालेत."

टाळ्यांचा कडकडाट झाला. "तसं नाही, ऐका," असं गुरुजी म्हणत होते, पण माईक तोवर बबिताताईंकडं गेला होता.

"ज्या मानसानं एकट्यानं झुंज दिली, त्योच माफ करून राहिलाय. मग आपून गावानं कशाला धरून बसायचं? बहिष्कार उठवायचा का? हात वर करा."

सगळे हात वर झाले. जीपवाल्या बालाजीचाही झाला, आणि आपली लातूरची गिऱ्हाइकं आपणच गाडीला दिली हे त्याच्या बऱ्याच वेळानं ध्यानात आलं. गुरुजींना जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं, फक्त त्यांचं कुणी ऐकलं नव्हतं.

लोक पेढे घ्यायला वळले. भिंतीला टेकून बसलेल्या धोंडाबाईनं हाक मारली. गावात गुरुजींना एकेरी हाक मारणारं तेवढं एकच माणूस शिल्लक होतं.

"भुजंगा, हिकडं ये."

गुरुजी तिच्यापुढं उकिडवे बसले. म्हातारीनं कमरेची चंची सोडली. पान-सुपारीच्या मागच्या कप्प्यातून तिनं दोऱ्यानं बांधलेली पुठ्ठ्याची जुनी तिकिटं काढली.

"अकरा पाळ्या आल्या माझ्या. मोज."

"अकराच असतील."

"तूच बुडिवलंस न्हव?"

"हो."

"मला तवाच वाटलं. तिकीट काढायचं आन् घरी यायचं, ही काय रीत झाली? मी शरणप्पाला म्हनलं, बाबा, येक डाव बसू दे की. त्यो म्हनला, आजी, पाळीत बसायचं न्हाई, निस्तं काढायचं." तिनं तिकिटं मुठीत धरली. "मोरतळीत माझा भाऊ व्हता. अकरा डाव त्याच्या गावचं तिकीट माझ्या हातात व्हतं आन् मी त्याला भेटले न्हाई. पुढच्या महिन्यात जाऊ म्हनलं, तर तुझा ठराव झाला. मग त्यो गेला. मातीला बी जाऊ दिलं न्हाई मला कुनी."

"लई शाना झालास पुस्तकं वाचून," म्हातारी म्हणाली. "पंचवीस मोजलेस. कुठं जातेत ते न्हाई मोजलंस."

"चुकलं माझं, मावशी."

"चुकलंच. हार काढ त्यो आदी."

गुरुजींनी हार काढला. बेलदऱ्यात त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी रागावलं होतं, आणि रेल्वेचं पाकीट आल्यापासून पहिल्यांदाच त्यांना मोकळा श्वास घेता आला.

पुढच्या सोमवारी सकाळी मोरतळीच्या खिडकीपुढं रांग लागली. बेलदऱ्याची पोरं-पोरी होती, पाठीला दप्तरं, कानात वायरी. चांगुणाबाई पिशवीत खण-नारळ घेऊन आधीच सुकन्याच्या घराकडं वळल्या होत्या. पोर माहेरी आली होती. तक्त्यावरचं 'आंबेगाव' खोडून वर 'लातूर' लिहिलं होतं. चन्नबसप्पा गुरुजींच्या कानाशी लागला.

"मीबी सांगून बघितलं रे आमच्या लोकांना, की बेलदऱ्याचं मी पाडलं न्हाई म्हनून."

"मग?"

"म्हनले, अप्पा, तुमी लई नम्र झालाव. पुढच्या टायमाला पुन्ना उभं ऱ्हावा."

गाडी आली. धोंडाबाईला दोघांनी वर चढवलं. तिला खिडकी मिळाली, शेजारी गुरुजी बसले. लातूरचं तिकीट तिनं मुठीत घट्ट धरलं होतं.

"मावशी, लातूरला काय काम हाय?" समोरच्या पोरानं विचारलं.

"काय न्हाई. बसाया आलेय."

गाडी निघाली. पाच-सात मिनिटांत बेलदरा आलं. पिवळी पाटी गेली, खोली गेली, काळा दगड गेला. वेग कमी झाला नाही. म्हातारीनं मान वळवून बघितलं.

"गाव गेलं की रं, भुजंगा. हितं थांबत न्हाई?"

"नाही."

"का?" तिनं मुद्दाम मोठ्यानं विचारलं. डब्यातल्या पोरांनी माना वळवल्या, दोघांनी कानातल्या वायरी काढल्या.

गुरुजींनी घसा खाकरला. वाक्य काही घोळवलेलं नव्हतं. त्यांनी पाळी सांगितली, तक्ता सांगितला, साहेबाची टिपणी सांगितली, ठराव कुणाच्या हातचा होता तेही सांगितलं. आंबेगाव यायच्या आत सगळं सांगून झालं. शंभर शब्दांहून फार जास्त लागले नसावेत.

समोरचा पोरगा बोटांवर हिशेब करत होता. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा होता, आकडे सोडत नव्हता.

"पण गुरुजी, मग ती तेवीसशे मानसं गेली कुठं?"

"घरीच व्हती की रं, मुडद्या," धोंडाबाई म्हणाली आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागली.